डावीकडचे चोर

बासष्ट सालच्या हिवाळ्यात आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जग बुडणार, असं अमरावतीत जवळजवळ एकमताने ठरलं होतं. होमहवनं झाली, डबेच्या डबे तूप जळालं, आणि बडनेरा रस्त्यावरच्या एका गृहस्थाने बुडायच्या आधी खाऊन तरी घ्यावं म्हणून बियाण्याच्या शेंगा भाजून संपवल्या. ठरल्या दिवशी काहीच बुडालं नाही. तो शेंगावाला सोडून बाकी गावाला आभाळाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली, आणि त्या आपुलकीच्या भरात लोकखगोल मंडळ निघालं.

मंडळाचे अध्यक्ष किसनराव. त्यांचं जिनिंग बंद पडलं होतं आणि आवारात कापसाचा वजनकाटा, एक गोल घुमटाची टाकी आणि गोवर्धन नावाचा कारकून एवढंच उरलं होतं. काट्याच्या खोलीला सपाट गच्ची होती. तिथे मुंबईहून आणवलेली दुर्बीण बसली. टाकी कापसाला आग लागली तर पाणी असावं म्हणून बांधली होती, पण तिच्यात पाणी कधी टिकलं नाही. "जिच्यात पाणी थांबलं नाही, तिच्यात आपण आभाळ थांबवू," असं किसनराव उद्घाटनाला म्हणाले. तिला आतून चुना मारला, भिंतीत दार पाडलं, खाली सतरंज्या टाकल्या. आणि गोवर्धन तारांगणाचा चालक झाला.

तारांगण म्हणजे शकुनचा भाताचा गंज. शकुन ही गोवर्धनची बायको, आणि गंज म्हणजे जर्मन धातूचं गोल बुडाचं पातेलं. गोवर्धनने आभाळाचा नकाशा ह्या पातेल्याच्या बुडावर चिकटवला आणि एकेका ताऱ्यावर खिळा ठेवून हातोडी मारली. मग पातेलं पालथं घातलं, आत दिवा लावला, टाकीचं दार लावून घेतलं. घुमटावर तारे उमटले. भोकं जरा मोठी पडल्यामुळे तारे बोराएवढे होते, पण लोकांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं. गावात पुढे दोन वर्षं एकच विनोद चालला: "काय गोवर्धन, आज गंजात काय शिजवलं?"

तारे बोराएवढे असण्यामागे एक कारण होतं, आणि ते गोवर्धन, त्याची आई पार्बताबाई आणि शकुन यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. गोवर्धन रातांधळा होता.

दिवसा त्याला सुईत दोरा ओवता येई. दिवस बुडाला की संपलं. कंदिलाची ज्योत, पुनवेचा चंद्र, अंधाऱ्या भिंतीवर बोराएवढा उजेडाचा ठिपका एवढं दिसे, बाकी सगळं डांबर. बाप भाजीवाला, त्यामुळे पार्बताबाईने पोराला गाजरं चारली. इतकी चारली की त्याचे तळहात पिवळे पडले आणि शाळेत मास्तरांनी कावीळ समजून घरी पाठवलं. डोळ्यांना काही उतार पडला नाही. मिसरूड फुटेपर्यंत तर त्याला वाटायचं की तारे ही मोठ्या माणसांनी मिळून मारलेली थाप आहे, बागुलबुवासारखी. मग एका पुस्तकात त्यांची नावं, अंतरं, नकाशे सापडले, आणि जगातले सगळे लोक रोज फुकट बघतात ती गोष्ट आपण पुस्तकातून तरी पाहू, म्हणून त्याने ते पुस्तक पाठ केलं. मंडळाला चालक हवा होता तेव्हा गावात एवढं आभाळ दुसऱ्या कोणाला पाठ नव्हतं. कोणी त्याला विचारलं नाही की बाबा, तू ते पाहिलंस का. असं कोण विचारतं?

सोय छान लागली होती. संध्याकाळी गोवर्धन टाकीत खेळ करी, त्याच वेळी शकुन गच्चीवर दुर्बीण लावी. टाकीतले लोक मग गच्चीवर जात. ते कधी गोंधळून म्हणत, "वैनी, खाली तर हे दुसऱ्या अंगाले होतं." त्यावर शकुन खरं तेच सांगे, "दुर्बिणीत सारं उलटंच दिसते, बाप्पा." लोकांचं समाधान होई. शकुनने खालचा खेळ कधी पाहिला नव्हता आणि गोवर्धनने वरचा.

खेळ संपला की ती त्याला हात धरून घरी नेई. नवराबायको भर रस्त्याने हातात हात घालून चालतात, हे अमरावतीने तोवर फक्त टॉकीजमध्ये पाहिलं होतं. पानठेल्यावरची पोरं खोकत. एका म्हाताऱ्याने तर पार्बताबाईच्या घरी येऊन, पोराला आवरा, असं सांगितलं. गोवर्धनची मान खाली जाई. पण रातांधळा म्हणवून घेण्यापेक्षा त्याला निलाजरा म्हणवून घेणं परवडत होतं. निलाजऱ्या माणसाला तारांगण चालवता येतं.

असं सगळं सुरळीत असताना, चौसष्टच्या चैत्रात, एका दुपारी देवमन अकोल्याहून काट्याच्या खोलीत आला.

देवमन प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून त्याचा बाप कोणतीही गोष्ट ऐकली की "काहून?" असं विचारी, पोरगं त्यावरच मास्तर झालं. अमरावतीचा खेळ त्याने लागोपाठ पाहिला होता, आणि अकोल्याच्या मंडळींना गोळा करून तिथे तसंच तारांगण उभं केलं होतं. जुन्या गोदामात बांबू वाकवून वर मांजरपाटाचा घुमट शिवला. गंज मोतीराम भांडीवाल्याने केला. त्याने अमरावतीला येऊन ह्या गंजावर तो गंज बसवला, भोकाला भोक मिळवलं, आणि शप्पथ घेऊन सांगितलं की केसाचाही फरक नाही.

देवमनच्या काखेत धोतरात बांधलेला तोच गंज होता.

"जयभीम, भाऊ. माहं आभाळ उलटं झालं," तो दारातूनच म्हणाला.

"बसा, बसा. पाणी घ्या आधी."

पाणी पिऊन देवमनने हकिगत सांगितली. पोरांची सहल पातूरच्या लेण्यांना गेली होती. परतीची एस.टी. वेळेवर आली नाही, दिवस बुडाला, तारे निघाले. देवमनला आनंद झाला. त्याने पोरांना उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. सप्तर्षीला आपल्याकडे बाज म्हणतात: चार तारे बाजेचे पाय आणि ती न्यायला आलेले तीन चोर. "तर म्या म्हणतलं, पाहा पोट्टेहो, बाजेच्या डाव्या अंगाले चोर. सारे पोट्टे डावीकडं पाहून राह्यले. तिथं काहीच नाही. शालू नावाची एक पोट्टी हाय, ते म्हणते, गुर्जी, चोर तर उजवीकडं हायेत. दुसरा म्हणते, चोरच ते, सरकले असतीन."

गोवर्धन हसला नाही.

"मले वाटलं, गंज फिरवून बसवला असन. सगळ्याकडून फिरवून पाह्यला, भाऊ. चोर डावीकडचे डावीकडं. मग एक युक्ती काढली. श्रावण न्हाव्याकडून हातआरसे आणले. पोट्ट्यांले सतरंजीवर निजवलं, हातात आरसा देल्ला, म्हणतलं आभाळ आरशात पाहा. आरशात बराबर दिसे!" देवमनचा चेहरा क्षणभर उजळला आणि पडला. "नेमकी तवाच आमच्या तारांगणाची समिती आली. आत पाहते तं सारे पोट्टे आरसे घेऊन पडलेले, अन् दोघंतिघं केस विंचरून राह्यले. सहदेवराव वकील म्हणतात, मास्तर, हे तारांगण हाय का सलून? आता मले काढून टाकतो म्हणतात. चुकलं ते माहंच हाय. तुमचं पाहूनबी मले नीट करता आलं नाही. मंडळाचं नाव खराब केलं म्या."

त्याने धोतर सोडलं आणि आपला गंज गोवर्धनच्या गंजाशेजारी ठेवला. दोन्ही सारखे. चोराला चोर, पायाला पाय.

"पाहा," देवमन म्हणाला. "फरक दिसत नाही. पण तुमचा बराबर, माहा चूक. असं काहून होते, भाऊ?"

गोवर्धनला अजून नक्की काही कळलं नव्हतं. फक्त एवढं कळलं की ह्या प्रश्नाचं एक उत्तर आहे, आणि ते देवमनला सापडायच्या आत दुसरं काहीतरी बोलायला हवं.

"तुमचा घुमट कापडाचा हाय," तो म्हणाला. "कापडावर उजेड उलटा पडते. आमचा चुन्याचा हाय ना."

हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच त्याला आठवलं की समोरच्या टॉकीजचा पडदाही कापडाचाच आहे आणि त्यावर कोणी उलटं चालत नाही. देवमनलाही आठवलं असावं, कारण त्याने खिडकीतून त्या बाजूला पाहिलं. पण तो सभ्य माणूस होता.

"असन," तो हळू म्हणाला. "तुमी म्हणता तं असन." आणि गंज बांधून तो गेला.

त्या संध्याकाळी घरी जाताना गोवर्धनने शकुनला विचारलं, "बाज निघाली काय?"

"हो ना. ही काय समोर."

"उत्तरेकडं तोंड करून उभी राह्य. चोर कोणत्या अंगाले हायेत?"

"उजव्या. आज काय नवीनच?"

चौकात गोविंदाचं चहाचं दुकान होतं. आत कंदील होता आणि दाराच्या काचेवर रंगाने नाव घातलेलं. रोज दिवसा तिथे चहा घेताना तो ते नाव आतून, उलटं वाचत असे. आत्ता त्याला काच दिसत नव्हती, पण त्याला सगळं दिसलं. नकाशा त्याने पातेल्यावर बाहेरून लावला होता. बाहेरून बघणाऱ्याला आभाळ बरोबर होतं. पण लोक बाहेर बसत नव्हते. पुस्तकात लिहिलं होतं की आभाळाच्या नकाशात पूर्व-पश्चिम जमिनीच्या नकाशापेक्षा उलट असतात. भिंतीवर चोर डावीकडे पडलेले पाहून त्याला वाटलं होतं, हेच ते उलट. डोळे असलेल्या कोणत्याही माणसाने एकदा दाराबाहेर येऊन मान वर केली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

घरी शकुनने ऐकून घेतलं. "सांगून टाका ना मग. खिळा चुकीच्या अंगाने मारला, एवढंच तं हाय."

"एवढंच नाही. लोक इचारतीन, दोन वर्षांत एकडावबी वर पाह्यलं नाही काय? मग काय सांगू?"

पार्बताबाईने आतून विचारलं, "गाजराचं लोणचं वाढू काय?"

पुढचे दिवस गोवर्धनने खेळ चालू ठेवला, आणि ती त्याची खरी शिक्षा झाली. रोज त्याला लोकांना सांगावं लागे, "बाजेच्या डाव्या अंगाले पाहा." त्याने तो भाग गाळून पाहिला, तर पुढच्या रांगेतली बाई म्हणाली, "भाऊ, चोर राह्यले." आपण शेजाऱ्याच्या घरात शिरून रोज एक भांडं उचलतोय आणि शेजारी दिवा धरून उभा आहे, असं त्याला वाटे. तेवढ्यात किसनराव एक दिवस खूश होऊन आले.

"अकोलेवाल्यांनं तुले बोलावलं," ते म्हणाले. "तज्ज्ञ म्हणून! त्या देवमनले काढायचं का ठेवायचं, ते तुह्या सांगण्यावर. त्यानं तिथं सांगतलं म्हणे की कापडावर उजेड उलटा पडते, गोवर्धनभाऊनं सांगतलं. सारे हासले. सहदेवराव म्हणते, गोवर्धन असं येड्यासारखं बोलूच शकत नाही, हा मास्तर आपलं झाकायले त्याचं नाव घेऊन राह्यला. काय रे, तू असं बोलला काय?"

गोवर्धन खाली पाहत राहिला.

"मलेबी तेच वाटलं," किसनराव म्हणाले.

अकोल्याला गोवर्धन, शकुन आणि किसनराव असे तिघं एस.टी.ने गेले. शकुन तोंड बाहेर करून खिडकीशी बसली आणि वाटेत एकदाच बोलली. "मी काही सांगणार नाही तुमाले. पण त्या माणसाले तुमी आपल्या हातानं पाणी पाजलं होतं."

समितीची बैठक घुमटातच होती. बाहेर दिवस कलला होता. सहदेवराव वकील, नवा चष्मा घातलेले, मधल्या खुर्चीवर. समितीतले बाकीचे दोन्ही बाजूंना. त्यांतल्या दोघांची, देवमन चुकला हे ऐकायची तयारी तारांगण व्हायच्याही आधी, गोदामाला कुलूप होतं तेव्हापासूनच होती, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. देवमन दाराजवळ उभा होता. त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती आणि तो मागणाऱ्यांपैकी नव्हता.

दार लावलं, गंजातला दिवा लावला. मांजरपाटावर बोराएवढे तारे उमटले. डावीकडे तीन चोर.

"सांगा गोवर्धनभाऊ," सहदेवराव म्हणाले. "ह्या माणसानं आभाळाचं काय केलं ते समितीले एकडाव कळू द्या."

गोवर्धन उठला. अंधारात त्याला भिंत दिसत नव्हती, माणसं दिसत नव्हती, फक्त ती बोरं दिसत होती, आणि ती त्याचीच होती.

"ह्यानं काही केलं नाही," तो म्हणाला. "माहा गंजच उलटा हाय. म्या खिळे भाईरून मारले. याचा गंज माह्या गंजावरून केला, म्हणून हाबी उलटा. कापडाचंबी म्याच सांगतलं. खोटं सांगतलं. यानं तुमाले खरं सांगतलं की म्या सांगतलं."

मग सहदेवरावांचा आवाज आला, वकिली, सावकाश. "दोन वर्षं तुमी खेळ करता. एकडावबी भाईर येऊन वर पाह्यलं नाही?"

हाच तो प्रश्न. गोवर्धनने आयुष्यभर त्याला चुकवलं होतं, बायकोचा हात धरून, पानठेल्यावरच्या खोकल्यातून. आता तो अकोल्यात, मांजरपाटाखाली सापडला.

"मले रात्री दिसत नाही," तो म्हणाला. "म्या एकबी तारा पाह्यला नाही. कधीच."

खुर्ची करकरली. गोवर्धन हसण्याची वाट पाहत उभा राहिला. अंधार असूनही त्याने तोंड फिरवून घेतलं. कोणीकडे फिरवलं ते त्यालाच माहीत नव्हतं.

हसणं आलं नाही. सहदेवराव खाकरले. "म्हणजे... चोर उजवीकडंच असतात?"

"हो."

"पक्कं?"

"बायकोनं पाह्यलं."

"अरे बापा," सहदेवराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. "म्या तुमचा खेळ पाहून घरी गेल्तो. अंगणातून पाह्यलं तं चोर उजवीकडं. मले वाटलं माहे डोळे गेले. म्या चष्मा केला ना, लेका! ह्या चष्म्यानं काही चांगलं दिसत नाही, मी तसाच घालून फिरून राह्यलो!"

कोपऱ्यातून किसनराव हळूच म्हणाले, "म्या तं बाज फिरवली."

"काय?"

"निजायची. उशाकडं पाय केले. तसं थोडं जमते."

मग सगळेच बोलू लागले. एकाला वाटलं होतं आपण उत्तर दिशा चुकवली, दुसऱ्याने चोर उजवीकडे म्हणणाऱ्या मुलाला, चूक सांगतो म्हणून मारलं होतं. दोन जिल्ह्यांतल्या शिकलेल्या माणसांनी दोन वर्षं आभाळाकडे पाहिलं होतं आणि प्रत्येकाने, चूक आपलीच असणार, असं धरून तोंड मिटलं होतं. फक्त शालू नावाची पोरगी बोलली होती, आणि तिचं ऐकलं देवमनने. हे सहदेवरावांनी स्वतः उठून सांगितलं आणि आपली खुर्ची देवमनला दिली. देवमनची चूक ऐकायला बसलेल्या त्या दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. देवमन राहणार हे ठरलं. नवा गंज तोच करणार, नकाशा उलटा लावून, आणि अमरावतीचाही.

गोवर्धनला काढायचं का, हा विषय किसनरावांनी काढलाच नाही. तो काढला असता तर बरं झालं असतं, असं गोवर्धनला वाटलं.

बैठक संपली. शकुनला बाहेर जमलेल्या बायकांनी घेरलं. चोर कोणत्या अंगाला असतात ते त्यांना तिच्याकडूनच ऐकायचं होतं. गोवर्धन दारापर्यंत चाचपडत आला आणि उंबऱ्यावर थांबला. दिवस बुडाला होता. पुढे डांबर.

"भाऊ." देवमन शेजारी उभा होता. "गंज चुकला, ते चालते. कोणाचाबी चुकते. पण ते कापडाचं काहून सांगतलं?"

गोवर्धनने खूप शोधलं, पण खऱ्याशिवाय काही सापडलं नाही. "लाज वाटली."

"अन् मले वाटली नसन? सारे हासले तवा?"

देवमनने गोवर्धनचा हात धरला. घट्ट धरला, मायेने नव्हे. ओझं धरतात तसा.

"पायरी हाय," तो म्हणाला. "खाली नाली हाय. पाय उचला."

किसनराव गाडी पाहायला पुढे गेले होते. दोघं स्टँडच्या रस्त्याला लागले. अकोल्याच्या भर रस्त्यात दोन पुरुष हात धरून चालले होते आणि कोणी खोकलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. इतकं सोपं होतं. दोन वर्षं त्याने लोकांना बायकोला नावं ठेवू दिली, आणि गावात हात धरायला पुरुष काय कमी होते? एका तरी माणसाला सांगायला हवं होतं, एवढंच. ही लाज त्या घुमटातल्या लाजेपेक्षा मोठी निघाली, आणि ती जिला सांगायची ती शकुन मागून एकटीच येत होती.

"बाज निघाली काय?" थोड्या वेळाने गोवर्धनने विचारलं.

देवमन थांबला. मान वर केली असावी, कारण हात थोडा ओढला गेला.

"निघाली."

"चोर?"

देवमनने आधी गोवर्धनचे दोन्ही खांदे धरून त्याचं तोंड उत्तरेकडे फिरवलं, पोरांचं फिरवावं तसं.

"उजवीकडं," तो म्हणाला. "चाला आता. गाडी लागली."